भरपाईचा कागद आणि अपराधाची कबुली



ज्या काळी रेडिओ हेच घराघरातले घड्याळ होते, त्या काळी वऱ्हाडातील माणसाची सकाळ आकाशवाणीच्या संकेतधुनीने सुरू होत असे. तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची ती शांत सुरावट ऐकू आली की चुलीवर चहाचे आधण चढे आणि मुलांना अंथरुणातून उठवले जाई. ही धून सामान्यतः ज्यांच्या नावावर आहे ते संगीतकार वॉल्टर कौफमन. १९०७ साली कार्ल्सबाड येथे जन्मलेला हा ज्यू तरुण प्राग आणि बर्लिन येथे संगीत शिकला. प्रागच्या विद्यापीठातील आपले मार्गदर्शक नाझी संघटनेत सामील आहेत हे कळताच त्याने हाताशी आलेल्या डॉक्टरेटवर पाणी सोडले. १९३४ साली तो मुंबईस उतरला. १९३७ पासून १९४६ पर्यंत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्याच्याकडे होता. तीन पिढ्या आपण जी धून ऐकली, ती निर्वासिताच्या हातची आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

आजचा विषय अशा निर्वासितांचा आहे. छळामुळे देश सोडावा लागलेल्या ज्यू कुटुंबांनी पुढे नुकसानभरपाईचे दावे कसे मांडले, त्यांना काय मिळाले, काय मिळाले नाही, आणि या साऱ्याचा अमरावती-अकोल्याशी काय संबंध, हे आज पाहायचे आहे.

अंबानगरीची मुले आणि झाकलेले बर्लिन

पहिला संबंध अभिमानाचा आहे. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिम्पिक सामने झाले. त्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे हुतूतू आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. पारतंत्र्यातील एका जिल्ह्याच्या गावातून गेलेल्या तरुणांनी युरोपच्या भर राजधानीत आपल्या मातीतले खेळ मांडावेत, ही घटना अंबानगरी आजही विसरलेली नाही.

पण त्या तरुणांना दिसलेले बर्लिन धुऊनपुसून मांडलेले होते. 'येथे ज्यूंना प्रवेश नाही' अशा पाट्या पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून सामन्यांपुरत्या उतरवल्या होत्या. उंच उडीत विक्रमाची बरोबरी करणारी ग्रेटेल बर्गमन ही ज्यू खेळाडू सामन्यांच्या तोंडावर जर्मन संघातून वगळली गेली होती. आदल्याच वर्षी, १९३५ च्या सप्टेंबरात, न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले होते. पाहुणे परतले आणि पाट्या पुन्हा लागल्या.

१९३३ साली जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू होते. त्यांपैकी सुमारे तीन लाख लोक देश सोडून गेले. 'देश सोडून गेले' हे तीन शब्द उच्चारायला फार सोपे आहेत. ते जाणे कसे होते, याचा हिशेब एकदा मांडून पाहिला पाहिजे.

लाखाचे साडेपाच हजार

अकोल्याच्या बाजारात कापूस विकून आलेल्या शेतकऱ्याला अडत, हमाली, तोलाई वजा होऊन हातात काय पडते, हे नीट ठाऊक असते. हिटलरच्या राजवटीने देश सोडणाऱ्या ज्यूंच्या मिळकतीला अशाच वजावटी लावल्या. फरक इतकाच की येथे वजावट हाच मूळ धंदा होता.

पहिली वजावट 'पलायन-कर' या नावाची. हा कर हिटलरच्या आधी, १९३१ साली, देशातील भांडवल बाहेर जाऊ नये म्हणून बसवला गेला होता. मिळकतीच्या पंचवीस टक्के इतका तो कर होता. १९३४ साली त्याची मर्यादा दोन लाख मार्कांवरून पन्नास हजारांवर आणली गेली आणि सामान्य मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबही त्यात सापडले. दुसरी वजावट दंडाची. ९ व १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सरकारच्या चिथावणीने ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली. आणि त्याबद्दल ज्यू समाजालाच शंभर कोटी मार्कांचा दंड ठोठावण्यात आला. प्रत्येकाच्या मिळकतीतून आधी वीस टक्के आणि पुढे आणखी पाच टक्के कापले गेले. तिसरी वजावट परकीय चलनाची. उरलेला पैसा गोठवलेल्या खात्यात जाई, आणि तो परदेशी नेताना १९३८ च्या जूनपासून शेकडा नव्वद, युद्ध सुरू झाल्यावर शेकडा शहाण्णव भाग सरकार ठेवून घेई.

आता गणित करा. लाख मार्कांची मिळकत असलेले एखादे कुटुंब. पंचवीस हजार पलायन-करात गेले. वीस हजार दंडात गेले. उरले पंचावन्न हजार. त्यातले परदेशात पोहोचले साडेपाच हजार, आणि महायुद्ध सुरू झाल्यानंतर फक्त दोन हजार दोनशे. पुढे १९३९ च्या फेब्रुवारीत सोन्याचांदीच्या वस्तू सरकारी दुकानांत जमा करण्याचा हुकूम निघाला. लग्नाची अंगठी आणि माणशी जेवणाचे चमचे-काटे एवढेच काय ते ठेवण्याची मुभा होती. घरसामान मोठ्या पेट्यांत भरून हॅम्बुर्गच्या बंदरात पाठवले जाई. युद्ध भडकल्यावर बोटी थांबल्या, आणि त्या पेट्यांतील कपाटे, पलंग, पुस्तके, बाळाचे पाळणे यांचा लिलाव झाला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही लूट रात्री दरोडा घालून झाली नाही. ती कायद्याने, शिक्क्यानिशी, पावती देऊन झाली. पुढे या पावत्यांनाच फार मोल येणार होते.

मुंबईचे बंदर, पुरंदरचा गड

१९३८ च्या जुलैत फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी निर्वासितांचा प्रश्न सोडवण्यासाठी जमले. सहानुभूतीची भाषणे झाली. दारे मात्र बहुतेकांनी किलकिलीही केली नाहीत. अशा काळात काही कुटुंबांना हिंदुस्थानचा रस्ता सापडला. मुंबईत १९३४ साली ज्यूंची एक साहाय्यक समिती उभी राहिली होती. येणारा निर्वासित सरकारवर भार होणार नाही याची हमी ती देई. महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हिंदुस्थानात आलेल्या अशा निर्वासितांची संख्या अभ्यासक हजार ते दोन हजारांच्या दरम्यान धरतात. लाखांच्या हिशेबात ही संख्या लहान आहे. मात्र त्या हजार-दोन हजार माणसांसाठी तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

मुंबईला हे लोक परके वाटले तरी ज्यू परके नव्हते. कोकणातील बेने इस्रायली, ज्यांना गावकरी 'शनवार तेली' म्हणत, कित्येक शतके मराठी बोलत, मराठीत कीर्तने करीत येथे राहत आले होते. आपल्या भूमीने ज्यूंना त्यांच्या धर्मासाठी छळले नाही, हे इतिहासातले सत्य आहे आणि त्याचा सार्थ अभिमान बाळगावा.

आलेल्यांनी काय दिले, याचीही नोंद हवी. व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर, त्यांची पत्नी ज्यू, हे एका मोठ्या इंग्रजी वृत्तपत्राचे कला-संचालक झाले. इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी औषधनिर्मितीचा उद्योग उभारला आणि तरुण भारतीय चित्रकारांची चित्रे विकत घेतली. बर्लिनचे रुडॉल्फ फॉन लायडन कलासमीक्षक म्हणून गाजले. नागपूरच्या कलाशाळेत शिकून मुंबईस गेलेले सय्यद हैदर रझा यांच्यासारख्या चित्रकारांना या तिघांनी उमेदीच्या काळात हात दिला. प्रागचे साहित्यिक विली हास यांनी चित्रपट-दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्यासाठी पटकथा लिहिल्या; हे भवनानी चित्रपटकला जर्मनीत शिकलेले होते.

आणखी एक नाव आवर्जून सांगितले पाहिजे. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या सहवासात राहिलेले क्रांतिकारक मं. प. ति. आचार्य यांची पत्नी माग्दा नाखमान ही रशियात जन्मलेली चित्रकर्ती, वडिलांकडून ज्यू. हे दांपत्य बर्लिनमध्ये बारा-तेरा वर्षे राहिले. नाझी सत्तेवर आल्यानंतर, १९३० च्या दशकाच्या मध्यावर, दोघेही मुंबईस आले. माग्दाबाईंनी येथल्या सामान्य माणसांची चित्रे रंगवली. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी, त्यांच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशीच, उद्घाटनाच्या काही तास आधी त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी आचार्यही गेले, दारिद्र्यात. स्वतःच्या देशासाठी परागंदा झालेला पुरुष आणि वंशाच्या नावाने परागंदा झालेली स्त्री यांचा संसार असा एकाच शहरात संपला. भरपाईचा जर्मन कायदा झाला १९५३ साली. तोपर्यंत माग्दाबाई हयात नव्हत्या.

मुंबईत आलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यूंच्या नशिबी एक विचित्र फेरा होता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर होताच ब्रिटिश सरकारने जर्मन पुरुषांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून पकडले. पारपत्रावर ठळक 'जे' अक्षराचा शिक्का, म्हणजे हा ज्यू आहे अशी खुद्द जर्मनीने दिलेली ग्वाही. तरी ते पारपत्र जर्मनच होते. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत छळणारे आणि छळलेले एकाच तारेच्या कुंपणात बसले. चौकशी समितीने पुढे पुष्कळ ज्यूंना सोडले. १९४० मध्ये युरोपात हिटलरची सरशी होताच काहींना पुन्हा धरले. पुरंदर आणि सातारा येथे कुटुंबांसह राहण्याची, पॅरोलवरची केंद्रे होती. ज्या पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, त्या गडाच्या परिसरात बर्लिन-व्हिएन्नाची ज्यू मुले खेळली.

आणि इकडे हे लोक 'जर्मन' म्हणून नजरकैदेत असतानाच २५ नोव्हेंबर १९४१ रोजी हिटलरच्या सरकारने फर्मान काढले की परदेशी राहणाऱ्या प्रत्येक ज्यूचे जर्मन नागरिकत्व संपले आणि त्याची उरलीसुरली मिळकत सरकारजमा झाली. इंग्रजांच्या दप्तरात ते जर्मन होते; जर्मनीच्या दप्तरात ते कोणीच नव्हते. जे मागे राहिले त्यांचे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. साठ लाख ज्यू मारले गेले.

रक्ताचा मोबदला घ्यावा का?

युद्ध संपले. जर्मनी भरपाई द्यायला तयार झाली तेव्हा घ्यावी की नाही, याच प्रश्नाने इस्रायल दुभंगले. १९५२ च्या जानेवारीत मेनाकेम बेगिन यांनी जेरुसलेममध्ये प्रक्षुब्ध सभा घेतली. हे रक्ताचे पैसे आहेत, ते घेणे म्हणजे मृतांचा अपमान, असे त्यांचे म्हणणे. संसदेच्या इमारतीवर दगड पडले. पंतप्रधान बेन-गुरियन यांची भूमिका वेगळी होती: ज्याने खून केला त्यानेच मृताचा वारस होऊन बसावे, हे आपण का मान्य करायचे? अखेर ६१ विरुद्ध ५० मतांनी वाटाघाटींना मान्यता मिळाली.

दोन्ही बाजूंना देशभक्तच होते, हे विसरता कामा नये. स्वाभिमान आणि न्याय यांत कधी कधी असा झगडा होतो, आणि त्याचे उत्तर घोषणांनी सापडत नाही.

१० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्ग येथे करार झाला. पश्चिम जर्मनीने इस्रायलला तीन अब्ज मार्क, मुख्यतः माल आणि यंत्रसामग्रीच्या रूपाने, आणि जगभरच्या ज्यू संस्थांच्या दावा-परिषदेला पंचेचाळीस कोटी मार्क देण्याचे मान्य केले. जर्मन संसदेत करार सहज संमत झाला नाही: २३९ अनुकूल, ३५ विरोधी आणि तब्बल ८६ तटस्थ. पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीने तर आपण त्या पापाचे वारसच नाही असे म्हणत हात झटकले, आणि १९९० पर्यंत ते झटकलेलेच राहिले.

व्यक्तींच्या दाव्यांसाठी १९५३ साली कायदा झाला, १९५६ साली तो विस्तारला, १९६५ साली अंतिम दुरुस्ती झाली, आणि ३१ डिसेंबर १९६९ नंतर नवे दावे बंद झाले. जीवित, आरोग्य, स्वातंत्र्य, मालमत्ता आणि व्यवसाय अशा हानीच्या वर्गवाऱ्या होत्या. बंदिवासाच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला १५० मार्क, म्हणजे दिवसाला पाच. छळछावणीतील एका दिवसाचा दर पाच मार्क! आकडा ऐकून संताप येतो, आणि तो योग्यच आहे. कोणताही दर लावला असता तरी तो अपुराच पडला असता.

पुरावा द्या

खरी परीक्षा पुढे होती. दावेदाराने सिद्ध करायचे की घर आपलेच होते, दुकान आपलेच होते, नोकरी ज्यू म्हणूनच गेली. जन्माचा दाखला, कराच्या पावत्या, नेमणुकीचे पत्र, घरभाड्याची नोंद हे सारे त्याने आणायचे, ज्याला दहा मार्क खिशात घेऊन देशाबाहेर घालवले होते. प्रकृतीच्या हानीसाठी वैद्यकीय तपासणी होई. कमाईची क्षमता निदान पंचवीस टक्क्यांनी घटली आहे आणि ती छळामुळेच घटली आहे, हे दाखवावे लागे. रात्री किंचाळून जागे होणाऱ्या माणसाला 'हा तुमचा उपजत स्वभावदोष' असे लिहून देणारे वैद्यही होते. १९६५ च्या दुरुस्तीनंतर, वर्षभर छळछावणीत काढलेल्याचा आजार छळामुळेच झाला असे गृहीत धरले जाऊ लागले. त्याला वीस वर्षे लागली.

काहींना तर दारच बंद होते. मूळचे भारतातून गेलेले मानले जाणारे रोमा, ज्यांना युरोप 'जिप्सी' म्हणून हिणवत आला, त्यांचीही नाझींनी कत्तल केली. पण १९५६ साली जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १९४३ पूर्वी त्यांच्यावर झालेली कारवाई वंशद्वेषाची नसून गुन्हेगारी रोखण्यासाठी होती. तो निकाल १९६३ साली बदलला. तोवर कित्येक वृद्ध वारले होते. रोमांजवळ ना संघटना होती, ना वकील, ना कागद.

ज्यूंजवळ हे तिन्ही होते. १९४८ साली त्यांनी दावेदारांना कायदेशीर साहाय्य देणारी संस्था उभी केली. जगभर विखुरलेल्या माणसांचे अर्ज भरून घेतले, साक्षीदार शोधले, जुनी दप्तरे उपसली. आणि येथे त्या शिक्क्यानिशी दिलेल्या पावत्या कामी आल्या. लुटारूने नीटनेटकेपणाने लिहून ठेवलेली लूटच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरली. आज जर्मनीने दिलेल्या भरपाईची एकूण रक्कम ऐंशी अब्ज युरोंच्या पुढे गेली आहे. १४ फेब्रुवारी १९६८ रोजी जर्मनीच्या घटना-न्यायालयाने १९४१ चे ते नागरिकत्व हिरावणारे फर्मान मुळातच अवैध ठरवले. आज त्या कुटुंबांची नातवंडे मागतील तर त्यांना ते नागरिकत्व परत मिळते. पैशापेक्षा हे मोठे आहे. एका राष्ट्राने आपल्याच कायद्याच्या भाषेत लिहून दिले की आम्ही केले तो अन्याय होता.

आपल्या दाराशी

बंधू-भगिनींनो, आता अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात आणि अकोल्याच्या सिंधी कॅम्पात यावे. या वस्त्यांच्या नावातला 'कॅम्प' हा शब्द आपण रोज उच्चारतो. त्याचा अर्थ कितीदा मनात येतो? १९४७ नंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेली माणसे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात आली, त्यांनी डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन फेरी केली, पुढे दुकाने थाटली, मुलांना शिकवले आणि या शहरांच्या बाजारपेठा उभ्या केल्या.

त्यांनीही दावे भरले होते, जवळपास त्याच वर्षांत. १९५० साली विस्थापितांच्या दाव्यांचा कायदा झाला, १९५४ साली भरपाई व पुनर्वसनाचा. तेथेही तेच प्रश्न: घर किती खणी, जमीन किती, कागद कोठे? ज्याचा दावा लहान त्याला प्रमाणात अधिक, ज्याचा मोठा त्याला प्रमाणात कमी, असे सूत्र होते. पण एक मूलभूत फरक होता. ज्यूंना भरपाई दिली ती छळ करणाऱ्या राष्ट्राच्या वारसाने. येथे ती दिली ज्या देशाने आसरा दिला त्यानेच, आपल्या तिजोरीतून आणि पाकिस्तानात निघून गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या मिळकतींतून. त्या मिळकतींतही कित्येक निरपराध कुटुंबांची घरे होती. ज्या भूमीवरून सिंधी हिंदूंना जावे लागले, त्या भूमीच्या सरकारने ना हिशेब चुकता केला, ना अन्यायाची कबुली दिली. छप्पर मिळाले, पोटाला मिळाले. कबुली मिळाली नाही. १९९० साली काश्मीर खोऱ्यातून बाहेर पडलेल्या पंडितांच्या मनातही हाच काटा आहे.

म्हणून ज्यूंच्या या इतिहासातून घ्यायचा धडा सूडाचा नाही. तो नोंदीचा आहे. अन्याय सोसणे एक आणि तो सिद्ध करता येईल असा जपून ठेवणे दुसरे. पहिल्याने हळहळ मिळते. न्यायाची शक्यता दुसऱ्याने निर्माण होते. २०१७ पासून अमृतसरला फाळणीचे संग्रहालय आहे. २०२१ पासून १४ ऑगस्ट हा फाळणी विभीषिका स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. पण एका दिवसाच्या कार्यक्रमाने काम भागत नाही.

काम साधे आहे आणि ते या दोन शहरांतील कोणत्याही घराला करता येण्यासारखे आहे. फाळणी जाणतेपणी पाहिलेली माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्याजवळ बसावे. गाव, गल्ली, शेजाऱ्यांची नावे, कोणत्या दिवशी निघालो, कराचीहून कोणती बोट मिळाली, वाटेत कोणी लुटले आणि कोणी वाचवले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. वाचवणारा परधर्माचा असेल तर तेही तितक्याच ठळकपणे लिहावे; खोटी किंवा अर्धी नोंद न्यायाच्या कामाची नसते. ट्रंकेच्या तळाशी पडलेली जुनी खरेदीखते, दाव्याच्या पावत्या, शिधापत्रिका वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांच्या प्रती काढाव्यात. महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी त्या सांभाळाव्यात.

मुंबईच्या बंदरात उतरलेल्या त्या ज्यू कुटुंबांच्या पेटीत दागिने उरले नव्हते. ज्यांनी कागद जपले, त्यांची नातवंडे पुढे एका बलाढ्य राष्ट्राला हिशेब विचारू शकली. रामपुरी कॅम्पातल्या आणि सिंधी कॅम्पातल्या आजी-आजोबांचे कागद आज कोठे आहेत, हा प्रश्न आपण घरी गेल्यावर विचारावा, एवढीच विनंती.